खिडकीच्या पट्ट्या आन पीव्हीसी बोर्ड: उन्हाळ्यातल्या नोंदी

4 मे

पश्चिमेकडच्या दोन खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्या आज काढल्या. काढल्या म्हणजे काय, पेचकस नुसता टेकवला आन खालची पट्टी हातातच आली, वरून रंग धड दिसत होता आन आत नुसती माती भरलेली. उधई, म्हणजे वाळवी. बाबा अजूनही म्हणतात का सागवानाला उधई लागत नाही. खरं आहे ते, पण गाभ्याच्या लाकडाला लागत नाही. त्या वेळच्या सुतारानं गाभा चौकटीला वापरला आन बाजूच्या पांढऱ्या लाकडातून पट्ट्या काढल्या, म्हणून चौकट आज पण दगडासारखी आहे आन पट्टी गेली.

परत सागवानच लावू म्हणून आर्वीला भाव विचारून आलो आन गप बसलो. 2023 मध्ये आपल्या बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं होतं, बाबा म्हणे "मंग आता आपल्या खिडकीले कोण देते".

तर यावेळेस पीव्हीसीचा फोम बोर्ड, म्हणजे आत हवेची बारीक भोकं असलेली प्लास्टिकची शीट, लावून पाहायचा. लोकं त्याचे किचनचे पल्ले बनवतात, बाथरूमचे दरवाजे बनवतात, पण बाहेर उन्हात पट्टी म्हणून आमच्या गावात कोणी लावलेला नाही. काम दोन खिडक्या, देवघराची एक कमानीची लहान खिडकी, आन छपरीच्या समोरची पाटी, म्हणजे पुढच्या कडेची आडवी फळी, ती 22 फूट आहे. हत्यारं घरचीच, सुतारकामाची. शेतात सध्या काही नाही, मृगापर्यंत वेळच वेळ आहे.

7 मे

वर्ध्यावरून दोन शीट आणल्या, 8 बाय 4, 18 मिलिमीटर. दुकानदार म्हणे दोन्ही 0.6 डेन्सिटीच्या (घनतेच्या, म्हणजे पाण्याच्या 0.6 पट जड) आहेत. घरी उतरवताना मला एक हलकी वाटली, मंग कापूस मोजायच्या काट्यावर टांगली. एक भरली 32 किलो, दुसरी 27. हिशोब सोपा आहे, शीटचा घनफळ काढला तर 0.6 वाली 32 च्या आसपास भरायला पाहिजे आन 0.5 वाली 27 च्या आसपास. म्हणजे भाव 0.6 चा आन माल 0.5 चा. फोन केला तर म्हणे "भाऊ कंपनीतूनच तसं येते". आता पाच किलोसाठी गाडी करून कोण परत जाते, त्याला हे माहीत आहे ना.

फरक काय पडते, तर हलकीत हवेची भोकं जास्त, स्क्रू तेवढा धरत नाही आन धार पटकन चेपते. म्हणून ठरवलं का जड शीट छपरीच्या पाटीला आन खिडकीच्या खालच्या पट्टीला, हलकी बाकीच्या ठिकाणी. आन बोर्ड घ्यायला जाल तर काटा पाहूनच पैसे द्या.

9 मे

आजचा दिवस वाया.

माझ्याकडे मार्बल कटर आहे, 4 इंची, प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलेला, इकडे सगळेच मिस्त्री असंच करतात. त्याला 40 दातांची लाकडाची ब्लेड. सागवान, प्लाय, बाभूळ सगळं कापलं मी त्याच्यावर. बोर्ड महागाचा म्हणून हळूहळू सरकवला, आन तीच चूक झाली. एक फूट गेलो नाही तं जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, काप पाहतो तर कडेला पांढऱ्या लोण्यासारखी गोळी जमलेली आन ब्लेडच्या दातांत वितळलेलं प्लास्टिक चिकटलेलं. थंड झाल्यावर ते खिळ्यानं खरवडून काढलं, पाऊण तास गेला.

नंतर बसून विचार केला. हा कटर मिनिटाला 12-13 हजार फेरे मारते, दात बारीक आन जास्त, त्यात मी हळू सरकवतो, म्हणजे एकेक दात कापायच्या ऐवजी घासतच राहते. लाकडात घासलं तर लाकूड काळं पडते, पण ते वितळत नाही. हे प्लास्टिक 75-80 डिग्रीला नरम पडायला लागते आन याच्यातून उष्णता बाहेर पण जात नाही, जिथं तयार झाली तिथंच बसते. म्हणजे दात कमी पाहिजे, फेरे कमी पाहिजे आन हात चालता पाहिजे. घाबरून कापायचं हे मटेरियल नाही.

मिस्त्री काका संध्याकाळी आले होते, कडा पाहून म्हणे "काहून रे, कापला का शिजवला?"

12 मे

काकांचा 7 इंची सर्क्युलर सॉ मागून आणला, त्याच्यात 24 दातांची कार्बाइडच्या टोकाची ब्लेड. शीट अंगणात दोन खाटांवर टाकली, खाली जुन्या फळ्या, वर सरळ अॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पनं दाबली आन तिला धरून सॉ चालवला. लोण्यात सुरी. वास नाही, गोळी नाही, भुसा पण पावडर नाही तर चांगला दाणेदार पडते, तांदळाच्या कणीसारखा. भुसा पाहिला का समजते, दाणा पडून राहिला म्हणजे कापून राहिला, पीठ पडलं किंवा तार निघाली म्हणजे घासून राहिला.

4 इंचाच्या पट्ट्या, 4 फूट रुंदीतून बारा निघायला पाहिजे असं पोट्टा म्हणे (दादाचा मुलगा, सातवीत आहे, सुट्ट्यांसाठी आला). त्याला ब्लेडची जाडी दाखवली, दर कापाला जवळपास अडीच मिलिमीटर भुशात जाते, म्हणून अकरा निघाल्या आन बारावी तीन इंचाची. ती देवघराच्या खिडकीला कामी येईल.

लांब शीट कापताना एक पाहिजे, कापलेला भाग खाली लोंबला का चीर मिटते आन ब्लेड पकडते. बोर्ड लाकडापेक्षा लवचिक आहे, लोंबते लवकर. दोन्ही बाजूला फळ्यांचा आधार द्या. एकदा सॉ मागं उडाला, चष्मा होता डोळ्यावर, हात बाजूला होता, नाहीतर आज नोंद लिहिली नसती.

13 मे

दुपारी लाईन गेली ती साडेपाचला आली. सकाळी दोन तासच काम.

भुशाबद्दल लिहून ठेवतो. कोरडी हवा, त्यात हा प्लास्टिकचा भुसा, करंट धरते आन अंगाला चिकटते. झटकला तर जात नाही, उलटा हाताला चिकटते. डोक्यावर, मिशीवर, बनियनवर सगळा पांढरा. शेजारची काकू कुंपणावरून म्हणे "काय रे, मे महिन्यात कापूस वेचून आला काय?" शेवटी ओला दुपट्टा फिरवला तेव्हा निघाला.

आईनं सवयीनं तुकडे चुलीजवळ नेऊन ठेवले होते, उचलून आणले. पीव्हीसी जळलं का त्याच्यातून क्लोरीनचा आम्लाचा धूर निघते, डोळे आन छाती दोन्ही जाळते. लाकडाचा भुसा आपण गोठ्यात टाकतो, हा टाकायचा नाही, ढोरांच्या वैरणीत गेला तर पोटात बसते. खताच्या उकिरड्यावर पण नाही, सडतच नाही ना तो. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवला, दीड पोतं झालं.

15 मे

आज मजा आली. आबांचा रंधा काढला, लाकडी, 60 वर्षांच्या वर जुना असंल, पात घासून घेतली आन पट्टीच्या कडेवर चालवला. पांढरी लांब सालपी अशी सरळ वर निघून येते, दुधावरच्या सायीसारखी मऊ, आन तुटत नाही. लाकडात आपण आधी रेषा पाहतो, उलटा रंधा मारला तर पोपडे निघतात. याला रेषाच नाही. इकडून मारा, तिकडून मारा, टोकावर आडवा मारा, सारखंच निघते. पटाशी पण तशीच चालते, हातानं दाबून, ठोकायची गरज नाही. फक्त पात लवकर बोथट होते, चुन्यासारखी भुकटी मिसळलेली असते या बोर्डात त्याच्यामुळं. दर पाच-सहा पट्ट्यांना दगडावर घासावी लागली.

पण एक गोष्ट. शीटचा वरचा थर गुळगुळीत आन घट्ट असते, रंधा मारला का तो थर जाते आन आतली बारीक भोकं उघडी पडतात. पाहायला ठीक, पण आठ दिवसांत धूळ बसून ती कड मळकट होईल. म्हणून चेहऱ्याकडून रंधा मारायचा नाही, फक्त कडा, आन त्या कडांना नंतर रंग द्यावाच लागते.

ट्रिमरनं (कडा घडवायचं हातातलं मशीन) समोरच्या कडेला गोलाई मारली. इथं पण तोच नियम, एकसारखा हात. पट्टीच्या टोकाशी थांबून विचार करत बसलो तेवढ्यात बिट गरम होऊन एक खड्डा पाडला. खालच्या पट्टीला वरून बाहेरच्या बाजूला उतार दिला, दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आन खालून कडेपासून अर्धा इंच आत एक लांब खाच मारली. पावसाचं पाणी पट्टीखालून भिंतीकडे सरकत येते ते त्या खाचेशी तुटून खाली पडते. जुन्या सागवानाच्या पट्टीला ही खाच नव्हती, पाणी सरळ भिंतीत, ओल आली आन ओलीच्या मागं उधई. माझ्या मते लाकडापेक्षा खाच नसण्याचाच दोष जास्त होता, पण हे बाबांसमोर बोललो नाही.

पॉलिश पेपर 120 नंबरचा, हातानं, हलका. मशीननं घासलं का परत वितळते.

18 मे

काल दुपारी तीन वाजता पहिल्या खिडकीच्या चारही पट्ट्या 45 अंशात कापल्या, गुण्या लावून, सुतात सूत. पट्ट्या सकाळपासून अंगणात उन्हात पडलेल्या होत्या. आज सकाळी सहाला खिडकीवर धरून पाहतो तर उभ्या पट्ट्या कमी. साडेचार फुटाच्या पट्टीत जवळपास सूतभर कमी. कोपऱ्यात चीर. बाबा म्हणे टेप खोटा आहे. टेप बदलून पाहिला, टेप बरोबर.

मंग लक्षात आलं. कोणावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहावं म्हणून एक अख्खी 8 फुटाची पट्टी सकाळीच ओट्यावर ठेवली आन दोन्ही टोकाला पेन्सिलनं रेघ मारली. ओट्यावर दहा वाजेपर्यंत चांगलं ऊन आलं. दुपारी दोनला पाहिलं, हात ठेववत नव्हता पट्टीवर, आन एक टोक जुळवलं तर दुसरं टोक रेघेच्या पुढे गेलेलं, दीड सुताला जरासं कमी. पोट्ट्यानं तर मोठ्यानं ओरडून सगळ्यांना बोलावलं, जसं काही साप निघाला.

पीव्हीसी दर मीटरला दर डिग्रीला 0.06 मिलिमीटरच्या आसपास वाढते. सकाळी 28, दुपारी उन्हात पडलेली पट्टी सहज 58, म्हणजे 30 डिग्रीचा फरक, 8 फुटाला 4 मिलिमीटरच्या वर. हिशोब आन पेन्सिलची रेघ जुळली. सागवान लांबीत उन्हानं जवळपास हलतच नाही, ते पावसात रुंदीला फुगते, म्हणून आपला सुतार पावसाळा डोक्यात ठेवून काम करते. इथं ऊन डोक्यात ठेवावं लागते. सगळ्या सवयी आपल्या लाकडाच्या, हत्यारं पण लाकडाची, आन वस्तू मात्र वेगळ्या जातीची.

आता नियम असा केला का पट्ट्या रात्रभर घरात, माप आन काप दोन्ही सकाळी आठच्या आत, सावलीत. आन एक दिलासा पण आहे. मे महिन्यात भर दुपारी तापलेला बसवला म्हणजे बोर्ड वर्षातल्या सगळ्यात लांब अवस्थेच्या जवळ आहे, याच्यापुढे तो आखडणारच आहे, म्हणून टोकाला टोक भिडवून बसवलं तरी फुगून वाकणार नाही. हेच काम डिसेंबरमध्ये केलं असतं तर जागा सोडावी लागली असती.

कमी पडलेल्या पट्ट्या देवघराच्या खिडकीला वळवल्या.

21 मे

देवघराची कमान. काका म्हणे गरम करून वाकव. वाकते म्हणतात, पण माझ्याकडे एकसारखी गरम करायला काही नाही, आन एका तुकड्यावर हीटगन मारून पाहिली तर एका जागी फुगून फोड आला. सोडून दिलं. रुंद तुकड्यातूनच कमान कापायची ठरवलं, दोन भागात.

जिगसॉला लोखंड कापायची बारीक दातांची ब्लेड लागलेली होती, तशीच चालवली. फूटभर कापत गेलो, खाली तुकडा पडायला पाहिजे तर पडेच ना. पाहतो तर ब्लेडच्या मागं चीर परत जुळलेली! पुढं कापून राहिला आन मागं वितळून चिकटून राहिला. मोठ्या दातांची लाकडाची ब्लेड लावली, स्पीड कमी केला, तेव्हा निघाली कमान. कड कानशीनं सारखी केली, मंग पॉलिश पेपर.

24 मे

जोड. लाकडाचा पांढरा गोंद याला चालत नाही, लाकूड पाणी शोषते आन गोंद धरते, हे काही शोषतच नाही. नळाच्या पाईपला लावतो ते सोल्युशन वापरलं, तेच बरोबर आहे कारण ते नुसतं चिकटवत नाही, दोन्ही कडा वितळवून एक करते. पण या गर्मीत ते ब्रशवरच सुकते. पहाटे साडेपाचला उठून केलं. दोघं पाहिजे, एकानं लावायचं आन दुसऱ्यानं लगेच दाबायचं. घरची अर्ध्या झोपेत क्लॅम्प पिळत होती आन मला जे बोलली ते इथं लिहित नाही.

खिडकीच्या चार पट्ट्यांची जमिनीवरच पूर्ण चौकोनी फ्रेम बनवली, चारही कोपरे चिकटवून. म्हणजे आखडली तर फ्रेम सगळी मिळून आखडेल, कोपरे उघडणार नाहीत. एक सुटा जोड वाळल्यावर मुद्दाम तोडून पाहिला, जोडाच्या बाजूला बोर्ड फाटला, जोड नाही.

27 मे

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस) लागून तीन दिवस झाले. दादा यवतमाळवरून आला आन म्हणे याला चॉकलेटी रंग मार, सागवानासारखं दिसलं पाहिजे. बाबांना पण तेच पाहिजे होतं. मी नाही म्हटलं, गडद रंग उन्हात जास्त तापते, तर दोघं एका बाजूला झाले. मंग तीन-तीन फुटाचे दोन तुकडे घेतले, एक पांढराच ठेवला, एकाला गेल्या दिवाळीचा उरलेला चॉकलेटी मारला, दोन्ही टिनाच्या छतावर दोन-दोन विटांवर ठेवले आन मधोमध एकेक विट. अडीच वाजता वर चढलो. पांढरा जेमतेम झुकलेला. चॉकलेटी मधात अर्धा इंच खाली लोंबलेला, आन हातानं दाबला तर ओल्या चामड्यासारखा. दादा काही बोलला नाही, खाली उतरून कूलरसमोर बसला. रंग पांढरा ठरला.

30 मे

फ्रेम बसवल्या. स्टीलचे स्क्रू, रावल प्लग. बोर्डातलं भोक स्क्रूपेक्षा सूतभर मोठं, वर वॉशर, आन स्क्रू आवळून मंग जरासा सैल, म्हणजे फ्रेमला हलायला जागा. वरून त्याच बोर्डाच्या गोल चकत्या बसवल्या.

जुन्या सागवानाच्या चौकटीला आधी उधईचं औषध मारलं. बाबांचा मुद्दा बरोबर होता, उधई हे प्लास्टिक खाणार नाही पण त्याच्या मागून मातीची नळी करून चौकटीपर्यंत जाईल, आन आता आपल्याला दिसणार पण नाही. म्हणून खालची पट्टी ओट्यापासून वर ठेवली, मधात मोकळी जागा, नळी झाली तर डोळ्याला दिसली पाहिजे.

3 जून

छपरीची पाटी, 22 फूट, तीन तुकडे, तिरपे जोड सोल्युशननं. मोकळी सोडली तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हिच्यात पाऊण इंचाचा खेळ होईल असा हिशोब निघते, स्क्रूनं धरल्यावर त्यातला काही दाबून राहील. मधले दोन स्क्रू पक्के, बाकीचे सगळे मोठ्या भोकात. डाव्या टोकाला मोठ्या भोकाचा ड्रिल बिट तुटला, सूर्य डोक्यावर आला होता, एक स्क्रू तसाच ठोकून बसवला. पाहू.

9 जून

दोन हात अॅक्रिलिक रंगाचे, कडांना तीन. रात्री दहाला वादळ आन पहिला चांगला पाऊस, टॉर्च घेऊन खिडकीखाली उभा राहिलो. पाणी खाचेशी येते, थेंब जाड होते, लोंबते, आन सुटून खाली पडते. भिंत कोरडी. आई आतून ओरडत होती का वेड लागलं काय याला, पण बाबा बाहेर आले, माझ्या बाजूला उभे राहून पाहत राहिले, थोड्या वेळानं म्हणे "सागवानाले बी मारता आली असती ना ही खाच".

11 जानेवारी

सकाळी सव्वासहा, हातपाय गोठले, भिंतीवरचा थर्मामीटर 9 दाखवते. मुद्दाम आजच पाहायचं ठरवलं होतं.

खिडक्यांचे आठही कोपरे बंद. देवघराच्या कमानीच्या मधल्या जोडात नख जाईल एवढी चीर, तिथं सोल्युशन कमी पडलं होतं बहुतेक. छपरीची पाटी दोन्ही टोकाला मिळून तीन सूत आखडली, भिंतीला भिडवलेली होती तिथं आता सावली दिसते. आन डाव्या टोकाचा तो घाईचा स्क्रू, त्याच्यापासून कडेपर्यंत केसासारखी तडा गेलेली, बोटानं लागते.

स्क्रू आताच काढून ठेवला. भोक मोठं करून, तडा सोल्युशननं भरून परत लावायचं ते मे मध्येच, पाटी लांब झाली का. ड्रिल बिट वर्ध्यावरून आणायचा आहे.